आंधळ्या घुबडाची मुंबई

फारसी कथेच्या वाटेवर : भाग पाचवा

मागच्या आठवड्यात आपण जमालझादेपाशी थांबलो होतो. १९२१ साली त्याच्या ‘यकी बूद, यकी नबूद’ या संग्रहाने फारसी गोष्टीला चारचौघांची बोली दिली, पण ते पुस्तक निघालं बर्लिनमध्ये. पुढे पंधराएक वर्षांनी फारसीतली सर्वांत गाजलेली कादंबरी आली, तीही इराणबाहेरच. ती आली मुंबईत.

कादंबरीचं नाव ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे आंधळं घुबड. लेखक सादिक हिदायत. इराणी माणूस हे नाव ‘सादेग हेदायत’ असं उच्चारतो. १९३६च्या अखेरीस तो मुंबईत आला, इथे त्याने ही कादंबरी स्वहस्ते सुवाच्य अक्षरात उतरवली आणि त्या हस्ताक्षराच्याच पन्नासेक प्रती सायक्लोस्टाइलसारख्या यंत्रावर काढल्या. प्रतीवर सूचना होती : इराणात छपाईला आणि विक्रीला मनाई. एरवी पुस्तकावर बंदी घालायचं काम सरकार करतं. इथे लेखकाने ते आधीच उरकून टाकलं होतं.

हिदायत १९०३ साली तेहरानमध्ये जन्मला. घराणं दरबारी, पणजोबा रजाकुली खान हे नावाजलेले इतिहासकार आणि साहित्याचे अभ्यासक. सादिक फ्रेंच शाळेत शिकला आणि सरकारी शिष्यवृत्तीवर आधी बेल्जियमला, मग फ्रान्सला गेला. अभियांत्रिकी त्याच्याच्याने झाली नाही. मार्न नदीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा एका होडीतल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. १९३० साली तो पदवी न घेताच परतला आणि बँकेत कारकुनी करू लागला.

पुढची चार-पाच वर्षं मात्र सुगीची गेली. तेहरानच्या साहित्यात तेव्हा सात मान्यवर विद्वानांचा दबदबा होता. त्यांना ‘सबआ’ म्हणत, म्हणजे सातजण. हिदायत, बुजुर्ग अलवी, मुज्तबा मीनुवी आणि मसूद फर्जाद या चौघांनी आपल्या टोळक्याला नाव दिलं ‘रबआ’. चौघांसाठी असा शब्दच नाही. यमक जुळावं म्हणून तो पाडलेला. थट्टेमागे भांडण खरं होतं. जुन्या ग्रंथांवर टिपा लिहिणं हेच साहित्य, असं सातजण मानत. चौघांना आपल्या काळाची गोष्ट हवी होती.

त्या गोष्टीचा नमुना म्हणजे १९३२च्या ‘तीन थेंब रक्त’ या संग्रहातली ‘दाश आकुल’. शीराजचा हा पहिलवान गडी शब्दाला जागणारा. मरताना एक व्यापारी त्याला आपल्या घरादाराचा कारभार सोपवून जातो. त्या घरच्या मरजान या मुलीवर दाश आकुलचा जीव जडतो. पण राखणदारानेच कुंपणाआड हात घालायचा कसा? तो गप्प राहतो, तिचं लग्न लावून देतो आणि मनातलं सगळं रात्री पिंजऱ्यातल्या पोपटाला सांगतो. जुन्या वैऱ्याच्या हातून तो मरतो, पोपट मरजानकडे येतो आणि ऐकलेलं बोलून दाखवतो. याच काळात हिदायतने लोकांचे तोडगे, शकुन-अपशकुन आणि रीतीभाती गोळा करून ‘नैरंगिस्तान’ सिद्ध केलं. दाश आकुलची बोली एवढी जिवंत का, याचं उत्तर त्या पुस्तकात सापडतं.

मग विनोदाने घात केला. फर्जादबरोबर लिहिलेलं ‘वग वग साहाब’ हे चेष्टेचं पुस्तक वरच्यांना झोंबलं आणि रजा शाहच्या राजवटीत हिदायतकडून यापुढे काही छापणार नाही, असं लिहून घेतलं गेलं. सुटकेची वाट शीन परतव या मित्राने काढली. तो मुंबईच्या इराणी वकिलातीत होता. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लुर’ १९३३ साली मुंबईतच, अर्देशिर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत तयार झाला होता. तेव्हा फारसी चित्रपटाच्या संवादांना मदत करायची, असं निमित्त सांगून हिदायत निघाला.

मुंबईत त्याला खरं हवं होतं ते पारशांकडे. इस्लामपूर्व इराणची पहलवी भाषा इराणात जवळजवळ विसरली गेली होती; मुंबईत मात्र पारशी विद्वान ती अजून शिकवत होते. बेहरामगोर अंकलेसरिया यांच्याकडे हिदायत पहलवी शिकला. पहलवीची लिपी विद्यार्थ्याचा घाम काढते. अक्षरं थोडी, त्यामुळे एकच अक्षर तीन-चार ध्वनींचं ओझं वाहतं. त्यावर कडी म्हणजे ‘हुझवारिश’ : कित्येक शब्द लिहायचे अरमाईक भाषेत आणि वाचायचे पहलवीत. लिहिलेलं असतं ‘मलका’, वाचायचं ‘शाह’. लिहिणारा एक बोलतो, वाचणारा दुसरंच ऐकतो.

‘बूफ-ए-कूर’ वाचताना ही लिपी सारखी आठवते. तिचा आराखडा हिदायतने बहुधा आधीच तयार केला होता, पण तिला शेवटचा हात फिरला या शिकवणीच्या दिवसांत. निवेदक कलमदानांवर चित्रं रंगवतो आणि प्रत्येक वेळी एकच चित्र उमटतं : सरूच्या झाडाखाली योग्यासारखा म्हातारा, समोर काळ्या वस्त्रांतली मुलगी, मध्ये ओहोळ. ती मुलगी एके दिवशी खरोखर दारात येते आणि त्याच्या बिछान्यावर मरते. तिला पुरून परतताना म्हातारा गाडीवान त्याला रय या प्राचीन शहराच्या मातीतून निघालेला एक घडा देतो. घड्यावर तेच डोळे, तोच चेहरा. हजार वर्षांपूर्वीच कोणीतरी तो काढून ठेवलेला.

निवेदकाची आई आहे बुगाम दासी, भारतातल्या एका लिंगमंदिरातली नर्तकी. बाप आणि त्याचा जुळा भाऊ दोघेही तिच्यावर भाळतात. निवाडा करण्यासाठी दोघांना नागासोबत अंधाऱ्या कोठडीत कोंडतात. एकजण जिवंत बाहेर येतो, पण केस पांढरे, भान हरपलेलं. तो बाप की काका, हे कोणालाच सांगता येत नाही. या कादंबरीत प्रत्येक माणूस असा हुझवारिश आहे : दिसतो एक, वाचावा लागतो दुसरा.

मला इथे हिदायतच्या आयुष्याचा पेच दिसतो. प्राचीन, निष्कलंक इराण हे त्याचं स्वप्न होतं. त्या स्वप्नापायी त्याच्या ऐतिहासिक नाटकांत अरबांचा उघड द्वेष येतो आणि आज तो खटकतो. मुंबईत तो त्या इराणच्या सर्वांत जवळ पोचला, अक्षर अक्षर लावत. कादंबरी मात्र सांगते की जमिनीतून निघालेल्या घड्यावर आपलाच आजार रंगवलेला असतो. जो विचार करताना चुकला, तो लिहिताना चुकला नाही. अर्थात स्त्री एक तर अप्सरा नाही तर कुलटा, ही या पुस्तकाची मर्यादा झाकण्यात अर्थ नाही.

या मुक्कामात तो म्हैसूरकडेही गेला आणि त्याने फ्रेंचमध्ये दोन कथा लिहिल्या. एकीचं नाव ‘साँपँगे’. कन्नडमधला ‘संपिगे’ म्हणजे आपला सोनचाफा. सप्टेंबर १९३७मध्ये तो तेहरानला परतला. पहलवीतून त्याने ‘कारनामा-ए-अर्दशीर’सारखे ग्रंथ फारसीत आणले. १९४१ साली रजा शाह पायउतार झाला आणि ‘बूफ-ए-कूर’ तेहरानच्या ‘इरान’ या वर्तमानपत्रात क्रमशः आली. पुढे ‘भटका कुत्रा’, ‘हाजी आका’ आणि काफ्काची भाषांतरं आली. पण मन उतरलेलंच राहिलं. १९५०च्या डिसेंबरमध्ये तो पॅरिसला गेला. मार्चमध्ये त्याचा मेहुणा, पंतप्रधान रज्मआरा, तेहरानमध्ये मारला गेला. एप्रिलमध्ये हिदायतने पॅरिसच्या भाड्याच्या घरात स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४८. कबर पेर लाशेज दफनभूमीत आहे.

१९५३ साली ‘बूफ-ए-कूर’ फ्रेंचमध्ये आली आणि अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेतोंने तिला डोक्यावर घेतलं. इराणातल्या घरोघरी मात्र हे पुस्तक वाचून पोरं जीव देतात, असा वडीलधाऱ्यांचा धाक होता. इस्लामी क्रांतीनंतरही सेन्सॉरची कात्री तिच्यावर चालत राहिली. मुंबईत लेखकाने लिहिलेली मनाई अशी पुन्हा पुन्हा अंमलात आली. छापील प्रतींत मजकूर कुठे बदलला, कुठे गळला. म्हणून मूळ शब्द पडताळायला आजचे अभ्यासक त्या हस्तलिखित मुंबई-प्रतीकडे जातात. जी प्रत इराणात विकायची नव्हती, तिच्यावरूनच इराणात विकल्या गेलेल्या पुस्तकाची शुद्धता ठरते.

पुढच्या आठवड्यात शीराजलाच जाऊ, पण एका बाईच्या डोळ्यांनी : सिमीन दानेश्वर आणि ‘सूवशून’.