कॅमेऱ्याच्या चौकटीत शेजाऱ्याचं दार

सोसायटीच्या जिन्यात चोरासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात चोर क्वचितच येतो. रोज दिसतं ते समोरच्या फ्लॅटचं दार: कोण कधी आलं, किती वेळ थांबलं, आणि दार उघडं राहिलं तर आतला सोफासुद्धा. खाली वॉचमनच्या केबिनमधल्या मॉनिटरवर हे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही पाहता येतं.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय चित्रण साठवणाऱ्या बहुतेक डीव्हीआरमध्ये आधीपासूनच असतो. त्या मेनूकडे सहसा कुणी फिरकत नाही, इतकंच. ‘प्रायव्हसी मास्क’ निवडून माउसने दारावर चौकोन ओढला की तेवढा भाग काळा होतो आणि काळाच रेकॉर्ड होतो. दारामागचं दृश्य मुळात साठवलंच जात नसल्याने पुढे कितीही खटपट केली तरी ते मिळत नाही.

चेहरा धूसर करणं एवढं भरवशाचं नाही. बातम्यांत चेहऱ्यावर दिसणारे चौकोनी ठिपके माणसाच्या डोळ्याला फसवतात. पण संगणकाला ओळखीचे चेहरे तसेच ठिपके करून शिकवले, तर तो पुष्कळदा माणूस ओळखतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्येच हे करून दाखवलं. त्याच वर्षी ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. मास्क कितीही नीट आखला तरी पासवर्ड कारखान्यातलाच असेल, तर मास्क पुसायला कुणालाही अवघड नाही.

चित्रण किती दिवस ठेवायचं हे बहुतेक ठिकाणी हार्डडिस्कच ठरवते: ती भरली की जुन्यावर नवं चढतं. युरोपच्या माहिती संरक्षण मंडळाच्या मते 72 तासांहून अधिक ठेवायचं तर कारणही तेवढंच सबळ हवं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर 2020 मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रण शक्यतो 18 महिने, निदान वर्षभर जपायला सांगितलं. यात विसंगती नाही. तिथला कॅमेरा कोठडीतल्या माणसाच्या रक्षणासाठी आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना वगळण्याची मुभा आहे, आणि ही मोठीच पळवाट म्हणावी लागेल. घरगुती वापरालाही सूट आहे, पण ती व्यक्तीला. सोसायटीच्या कमिटीला नाही.