हिमोग्लोबिन कमी, पण लोह पुरेसं: थॅलेसेमियाचे वाहक कसे ओळखायचे?

मंडळी, आजचा विषय रक्ताचा आहे, पण रक्तदानाचा नाही. आईबापांकडून लेकरांकडे जे रक्ताचे दोष येतात, त्यांच्याबद्दल आपण बोलणार आहोत.

आपल्याकडे बाई दमलेली, फिक्कट दिसली की सगळ्यांचं एकच उत्तर तयार असतं: "अंगात रक्त कमी आहे." मग लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, बीट, पालेभाजी. हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याचं मोठं कारण लोहाची कमतरता हेच. पण याच गर्दीत काही बायका, आणि पुरुषसुद्धा, असे असतात की त्यांचं लोह पुरेसं असतं आणि तरी हिमोग्लोबिन थोडं खालीच राहतं. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन दहाचं साडेदहा होतं, पुढं सरकत नाही. अशांपैकी काही जण थॅलेसेमियाचे वाहक असतात. त्यांना स्वतःला फारसा त्रास नसतो. घोर लागतो तो दोन वाहकांचं एकमेकांशी लग्न झालं की. म्हणून चकलांब्यात बसून हा विषय घ्यावासा वाटला. गेवराई तालुक्यातल्या गावांत सोयरिकी कशा जुळतात, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

आधी रक्तात काय असतं ते बघू. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं आणि ते प्राणवायू वाहून नेतं. त्याचा एक रेणू चार साखळ्यांचा बनतो: दोन अल्फा, दोन बीटा. बैलगाडीला दोन बैल लागतात तसा हा जोडीचा मामला आहे. बीटा साखळी बनवायची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यातली एक बिघडलेली असली तर माणूस वाहक. दुसरी प्रत काम चालवून नेते, फक्त पेशी जरा लहान आणि फिकट बनतात. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर बीटा साखळी जवळजवळ बनतच नाही. उरलेल्या अल्फा साखळ्या एकट्या पडतात, पेशीतच साचतात आणि पेशी तयार होण्याआधीच मरते. हा थॅलेसेमिया मेजर.

असं बाळ जन्मतं तेव्हा अगदी धडधाकट असतं. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा मागं पडते आणि बीटाची पाळी येते. ती येतच नाही. म्हणून सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान बाळ पांढरं पडायला लागतं, अंगी लागत नाही, पानथरी वाढून पोट पुढं येतं. घरचे म्हणतात दृष्ट लागली.

त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्ताची पिशवी, जन्मभर. आणि गंमत बघा, खरं तर गंमत कसली, पण ज्या माणसाला आपण लोह कमी म्हणून बसलो होतो, त्याच्याच लेकराला आता लोह जास्त होतं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. निरोगी शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोहाचीच देवाणघेवाण करतं आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोय निसर्गानं केलेलीच नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साचतं. ते उपसायला वेगळी औषधं लागतात. एक जुनं औषध पंपानं कातडीखाली रात्रभर द्यावं लागतं. नंतर तोंडाने घ्यायची आली. त्यातल्या डेफेरिप्रोनला युरोपच्या आधी भारतात परवानगी मिळाली होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आता हे सगळं ऊसतोडीच्या घरात बसवून बघा. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत नवरा-बायको फडात, लेकरू कोपीत. मुकादमाची उचल फेडायची असते. त्यात दर तीन आठवड्यांनी एक दिवस रक्तपेढी गाठायची, तीही परक्या जिल्ह्यात, कधी परक्या राज्यात. एक कोयता म्हणजे जोडी. बाई दवाखान्यात बसली की अर्धा कोयता बंद. उपचार आहेत, सरकारी रक्तपेढीत या मुलांना रक्ताचे पैसेही पडत नाहीत. पण उपचार टिकवणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि आमच्या मते या आजारातलं खरं दुखणं तेच आहे.

म्हणून वाहक आधी ओळखणं. त्याची सुरुवात अगदी साध्या तपासणीनं होते, जिला आपण सीबीसी म्हणतो. तिच्यात फक्त हिमोग्लोबिनचा आकडा पाहून कागद घडी घालून ठेवतात. खाली दोन ओळी आणखी बघायच्या. एक, तांबड्या पेशींची संख्या, म्हणजे आरबीसी. दुसरी, एका पेशीचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही. ही मोजणी होते कशी? अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टरनं १९५३ साली पेटंट मिळवलेल्या युक्तीवर आजही कितीतरी यंत्रं चालतात: क्षारांच्या पाण्यातून वीज सोडायची आणि एका बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जाऊ द्यायच्या. पेशी छिद्रात आली की विजेला अडथळा होतो. जितके अडथळे तितक्या पेशी, जितका मोठा अडथळा तितकी मोठी पेशी.

लोह कमी असलं तर कारखान्याला कच्चा मालच नाही, म्हणून पेशी लहानही होतात आणि कमीही. वाहकाच्या अंगात माल असतो, पण साचा बारीक. पेशी लहान, पण संख्येनं भरपूर. समजा एका बाईचं हिमोग्लोबिन ९.१, आरबीसी ४२ लाख आणि एमसीव्ही ७० आहे. दुसरीचं हिमोग्लोबिन १०.८, आरबीसी ५६ लाख, एमसीव्ही ६२. एमसीव्हीला दशलक्षातल्या आरबीसीनं भागा. पहिलीचं ७० भागिले ४.२, म्हणजे साधारण १७. दुसरीचं ६२ भागिले ५.६, म्हणजे ११. हा भागाकार १३ च्या खाली आला तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी १९७३ साली सुचवलेला हा हिशेब आहे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

पण हा संशयच, निदान नव्हे. निदानासाठी एचपीएलसी नावाची तपासणी लागते. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. एचबीए-टू नावाचा एक प्रकार एरवी दोन ते साडेतीन टक्के असतो. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात तो चार टक्के किंवा त्याच्या वर दिसतो. इथं दोन खाचा आहेत. लोह फारच कमी असेल तर हा आकडा खोटाच खाली येतो आणि वाहक निसटतो, तेव्हा आधी लोह भरून काढून पुन्हा तपासायचं. आणि अलीकडे रक्त चढवलेलं असेल तर रिपोर्ट दात्याचं रक्तही मोजतो, म्हणून तीनेक महिने थांबायचं.

आणखी एक. वाहक म्हणजे लोहाच्या गोळ्या बंद, असं कुणी ऐकून जाऊ नका. वाहक बाईलाही लोहाची कमतरता असू शकते, गरोदरपणात तर हमखास. फेरिटिन तपासून डॉक्टर ठरवतील. आशाताईंनी दिलेली गोळी आमच्या भाषणामुळं कुणी उकिरड्यावर टाकली असं व्हायला नको.

हा दोष इतका पसरला कसा? १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानं असा तर्क मांडला की वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावं, म्हणून जनुक टिकलं. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि भुवनेश्वरला वारले.) सिकलसेलच्या बाबतीत हा तर्क पुढं आफ्रिकेतल्या कामातून भक्कम ठरला.

सिकलसेल हे याचंच भावंड म्हणा. तिथं बीटा साखळी बनते, पण तिच्यात एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते. आपल्या राज्यात त्याचा जोर विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदियाकडं, आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ हे लक्ष्य. थॅलेसेमियाच्या वाट्याला एवढं मोठं अभियान आलेलं नाही, जरी देशात त्याचे वाहक तीन-चार टक्के आणि दरवर्षी जन्मणारी मेजरची बाळं दहा-बारा हजार असा अंदाज नेहमी दिला जातो. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजात प्रमाण जास्त, हे खरं. पण त्यामुळं "तो त्यांचा आजार" असा समज झाला, आणि तो चुकीचा आहे.

जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय दोष उघड होत नाही, हा नियम मुंबईशी जोडलेल्या एका शोधातही दिसतो. १९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एक नवाच रक्तगट नोंदवला, तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र उभं राहिलं. परळला केईएमच्या आवारातली आजची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था त्यातूनच आली, आणि थॅलेसेमियावरचं मोठं काम तिथं झालं.

आता सोयरिकीकडं येऊ. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मेजरची, चारांत दोन वाहकाची, एक पूर्ण निरोगी. प्रत्येक वेळी कवड्या नव्यानं पडतात. पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

आणि मामाची मुलगी? समजा मुलगा वाहक आहे आणि ते जनुक त्याला आईकडून आलंय. मग आईच्या सख्ख्या भावाकडं ते असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याच्या मुलीकडं त्याच्या निम्मी, म्हणजे चारांत एक. बाहेरची मुलगी केली तर हीच शक्यता पंचवीस-तीसांत एक. आम्ही मामाच्या मुलीशी लग्न करूच नका म्हणत नाही. तपासून करा म्हणतो.

सायप्रस नावाच्या बेटावर एकेकाळी हा आजार घरोघर होता. तिथल्या चर्चनं १९८० च्या दशकात लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखला तपासणी झाल्याचा, लग्नाला बंदी नाही. दोघं वाहक निघालेली बहुतेक जोडपी लग्न करतच राहिली, फक्त गरोदरपणी बाळाची तपासणी करू लागली. नवी आजारी बाळं जवळजवळ थांबली.

शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ.

"मुलीचा रिपोर्ट वाहक आला तर तिचं लग्न कोण करील?" ही भीती खरी आहे. म्हणून आमचं म्हणणं, आधी मुलाला तपासा. मुलगा वाहक नसेल तर बीटा थॅलेसेमियापुरता विषय तिथंच संपतो, मुलीचा कागद कुणाला दाखवायची गरजच नाही. सिकलसेलचाही शोध त्याच एचपीएलसीत लागतो. आणि हा कागद गावभर फिरवायचा नसतो, कुटुंबाचं आणि डॉक्टरांचं काम आहे ते.

"लग्न आधीच झालंय, आता दिवस गेलेत, मग?" लगेच, पहिल्या दोन महिन्यांतच बाईची सीबीसी आणि एचपीएलसी. ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. दोघंही निघाले तर दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेच्या पेशींचा नमुना घेऊन बाळाचं निदान होतं. त्यासाठी मोठं केंद्र गाठावं लागतं. बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय किंवा संभाजीनगरची घाटी, जिथं जवळ पडेल तिथं आधी चौकशी करा. आजारी मूल आधीच घरात असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही आहेत. भावंडाचा मज्जा जुळत असेल तर प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना दहा लाखांपर्यंत मदत देते.

तपासणी मोसमाला निघायच्या आत उरका. एचपीएलसी नीट झाली तर जन्मात एकदाच पुरते, कारण जनुक बदलत नाही. कागदाचा फोटो नवरा-बायको दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि एक झेरॉक्स आशाताईंकडं.