आंघोळीने गोचीड जात नाही

पावसाळा ओसरू लागला की अनेक घरांत एक प्रसंग हमखास घडतो. कुत्र्याच्या कानामागे वाटाण्याएवढा फुगलेला गोचीड सापडतो आणि त्याच दिवशी कुत्र्याला साबण लावून खसखसून आंघोळ घातली जाते. आठवडाभरात गोचीड पुन्हा दिसतात, पुन्हा आंघोळ होते. तरीही फरक पडत नाही, तेव्हा एखाद्याचा हात पिकासाठी आणलेल्या कीटकनाशकाच्या बाटलीकडे जातो. आंघोळीविषयीचा साधा गैरसमज असा मुक्या प्राण्याच्या जिवावर बेततो.

पाळीव प्राण्यांना आंघोळीची गरज वाटते त्याहून बरीच कमी असते. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात; कुत्र्याच्या त्वचेत ते ३ ते ५ इतकेच असतात. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, त्यामुळे त्याचे अंग माणसासारखे घामेजत नाही. माणसाच्या त्वचेचा सामू ५.५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो, तर कुत्र्याचा उदासीनतेकडे झुकणारा. म्हणून माणसांचे साबण व शाम्पू त्याला मानवत नाहीत. तैलग्रंथींतून पाझरणारा स्निग्धांश त्वचेचे रक्षण करतो. वारंवार धुण्याने तो निघून जातो, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते आणि खाजवून जखमा होतात. निरोगी, आखूड केसांच्या श्वानाला महिना-दोन महिन्यांतून एकदा आंघोळ पुरते. चिखलाने माखणे, दुर्गंधी येणे किंवा पशुवैद्यकांनी औषधी शाम्पू सुचवणे, हे अर्थातच अपवाद होत.

मांजर तर स्वतःची स्वच्छता स्वतःच राखते. तिच्या जिभेवरील काटे टोकाशी पोकळ असतात आणि ते लाळ थेट त्वचेपर्यंत पोहोचवतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. या चाटण्याने पिसवाही हटतात. पिसवा असलेल्या घरातील काही मांजरांना चाटता येऊ नये म्हणून गळ्यात रुंद पट्टा घातला असता, तीन आठवड्यांत त्यांच्या अंगावर इतर मांजरांच्या सुमारे दुप्पट पिसवा आढळल्या.

मग आंघोळीने गोचीड का जात नाही? याचे उत्तर गोचिडाच्या जीवनक्रमात आहे. श्वानांवर सर्रास आढळणारा तपकिरी गोचीड लार्व्हा, निम्फ आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत एकेकदा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी अंगावरून खाली उतरतो. कात टाकण्यासाठी तो भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, कुत्र्याच्या घराचे सांधे असा आडोसा शोधतो. मादी अशाच फटीत ४,००० पर्यंत अंडी घालते. अनुकूल हवामानात संपूर्ण जीवनक्रम दोन-तीन महिन्यांत पूर्ण होतो, आणि प्रौढ गोचीड अन्नावाचून महिनोन्‌महिने तग धरू शकतो. त्वचेत सोंड रुतवून बसलेल्या गोचिडाला घटकाभराच्या पाण्याचे काहीच वाटत नाही. पिसवांचेही तसेच आहे. त्यांची गुळगुळीत अंडी केसांतून घरंगळतात. अळ्या आणि कोश अंथरुणात व जमिनीवरील धुळीत वाढतात. थोडक्यात, दिसतात ते मूठभर प्राण्याच्या अंगावर असतात. उरलेली फौज घरात दडलेली असते.

पिकांवरील कीटकनाशकांचा वापर याच टप्प्यावर घातक ठरतो. त्यांची तीव्रता आणि त्यांतील विद्रावके प्राण्यांच्या त्वचेसाठी नसतात. शिवाय प्राणी अंग चाटतो, तेव्हा विष पोटातही जाते. लाळ गळणे, थरथर, झटके ही विषबाधेची लक्षणे होत. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत असलेले परमेथ्रिन मांजरांना प्राणघातक ठरू शकते, कारण त्यांच्या यकृतात त्याचे पुरेसे विघटन होत नाही. चुकून असे द्रव्य लागलेच, तर कोमट पाणी व सौम्य साबणाने अंग धुऊन, बाटलीसह तत्काळ पशुवैद्यकांकडे जावे. आंघोळ तातडीने लागते ती खरी अशा वेळी.

आंघोळीपेक्षा मोलाचा आहे तो रोजचा खरारा. बारीक दातांच्या फणीने दहा मिनिटे अंग विंचरावे. कानांच्या आत व मागे, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, मानेच्या पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवून पाहावे. फणीला लागलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त होय. गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्याच्या बंद बाटलीत टाकावा. त्यावर रॉकेल ओतू नये, त्याला चटका देऊ नये आणि बोटांनी चिरडू तर मुळीच नये. या गोचिडातून माणसालाही रिकेट्सिया गटातील ताप येऊ शकतो.

त्याच वेळी घराकडेही लक्ष द्यावे. भेगा लिंपून घ्याव्यात, कोपरे रोज झाडावेत, अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे. पशुवैद्यकांनी दिलेले त्वचेवर सोडायचे औषध बहुधा त्वचेच्या तेलातूनच अंगभर पसरते. त्यामुळे औषधाच्या दोन दिवस आधी व दोन दिवस नंतर आंघोळ टाळावी. घाईने घातलेली आंघोळ महागडे औषधही निकामी करते.

एर्लिचिया आणि बबेसिया हे श्वानांच्या रक्तातील जंतू गोचिडांमार्फत पसरतात. ताप, खाणे सोडणे, हिरड्या फिकट पडणे, नाकातून रक्त येणे किंवा लघवी गडद होणे यांपैकी काहीही दिसले, तर रक्ततपासणी लांबवू नये. वेळीच निदान झाल्यास उपचार बहुधा यशस्वी होतात. रोज विंचरणाऱ्या हाताला कानामागचा इवलासा निम्फही लागतो आणि हिरड्यांचा उतरलेला रंगही त्याच वेळी नजरेस येतो. महिन्याकाठच्या आंघोळीला हे साधत नाही.