ऑनलाईन अभ्यासक्रम आणि विज्ञान शिक्षक

विज्ञानाचा शिक्षक स्वतः शिकत राहिला, तरच त्याचा विद्यार्थी पुढे जातो. पूर्वी नळदुर्गच्या शिक्षकाला नवे काही शिकायचे तर सोलापूर किंवा पुणे गाठावे लागे. २०१७ साली केंद्र शासनाने 'स्वयम्' व 'दीक्षा' सुरू केले आणि अभ्यासक्रम मोबाईलवर आला. परंतु पडद्यावर पाहणे म्हणजेच शिकणे होय काय?

याबाबत मुंबईच्या आय.आय.टी.चा अनुभव मार्गदर्शक आहे. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने तेथे अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी उपक्रम झाला. दहा हजार शिक्षकांचे प्रशिक्षण, हा उद्देश त्याच्या नावातच होता. पवईहून व्याख्यान थेट प्रक्षेपित होई. पण शिक्षक ते घरी एकटे पाहत नसत. ते जवळच्या महाविद्यालयातील केंद्रात जमत, तेथूनच प्रश्न विचारीत आणि स्थानिक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रात्यक्षिक करीत.

त्याच संस्थेतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये सुमारे दहा मिनिटांचे पाठ असतात. निवेदन मराठीतही मिळते. थोडे ऐकायचे, पाठ थांबवायचा आणि तेच काम आपल्या संगणकावर करून पाहायचे, अशी ही पद्धत आहे. पाठ आधी उतरवून घेतले, तर इंटरनेट नसतानाही अभ्यास चालतो.

दोन्हींचे सार एकच : ऐकणे, करून पाहणे आणि अडले तेथे विचारणे. यातले शेवटचे दोन गाळले, की हाती केवळ प्रमाणपत्र उरते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षकांना हे प्रकर्षाने जाणवले. मुलांचे चेहरे दिसेनात, त्यामुळे कोठे अडले ते कळेना. ज्या घरी एकच मोबाईल होता आणि तो घेऊन वडील कामाला जात, तेथील मूल वर्गाबाहेरच राहिले.

म्हणून पडद्यावरचा धडा गावात उतरला पाहिजे. पाण्याची खोली वाढते तसा त्याचा दाब वाढतो, हे शिक्षकाने ऑनलाईन शिकावे. मग डब्याला वरखाली तीन छिद्रे पाडून त्यात पाणी भरावे आणि कोणती धार अधिक जोराने येते ते मुलांना पाहू द्यावे. त्यानंतर किल्ल्यातील बोरी नदीवरचा बंधारा व त्याच्या पोटातला पाणीमहाल दाखवावा. मग मुले आपणहून प्रश्न विचारतील.

विद्यार्थी मित्रांनो, एक संगणक दहाजणांना पुरतो. मात्र त्या दहाजणांनी एकत्र बसले पाहिजे. अशी जागा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी उपलब्ध करून देणे, हे आपल्या सभासदांच्या आवाक्यातले काम आहे.