जाम झालेला नायट्रो ट्रक: विकायचा, इलेक्ट्रिक करायचा की उघडायचा?

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून. तो लिहितो, "मामाने कधीकाळी दुबईहून आणलेला ट्रॅक्ससचा टी-मॅक्स माळ्यावर सापडला. इंजिन जाम आहे. विकून टाकू, ब्रशलेस मोटर बसवू, की दुरुस्त करू?" प्रश्न साधा वाटतो, पण चुकीच्या क्रमाने कामाला लागलात तर पैसे जातात आणि इंजिनही जातं. म्हणून आज क्रमाने बघू. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

आधी गाडी ओळखूया

टी-मॅक्स १९९९ मध्ये आला. अमेरिकन कंपनी, चारही चाकांना ताकद, दोन गिअर आणि चक्क रिव्हर्स! पुढे २.५ आणि मग ३.३ सीसीचं इंजिन आलं. ३.३ वाल्या गाडीचा वेग कंपनी ताशी ४५ मैलांच्या वर सांगते, म्हणजे साधारण ७० किलोमीटर. गाडीचं वजन चार किलोंहून जास्त. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

इंजिन टू-स्ट्रोक. घरात जुनी चेतक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची पद्धत माहीत असेल. इथेही ऑइल इंधनातच असतं. फरक एवढाच की पेट्रोलऐवजी मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन. स्पार्क प्लगही नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना ती बॅटरीने तापवायची, नंतर मिथेनॉलच तिला लाल ठेवतं.

इंजिन खरंच जाम आहे का?

या इंजिनात पितळी स्लीव्ह असते, आतून क्रोम केलेली, आणि त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर पोचला की घट्ट अडकल्यासारखा वाटतो. हा दोष नाही, तशीच रचना आहे. तापलं की पितळ जास्त फुगतं आणि फिटिंग बरोबर होतं.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट होते. इंधनातलं एरंडेल तेल सुकून डिंकासारखं चिकटतं. इथे बरेच जण स्टार्टरची ड्रिल लावून जोर करतात आणि कनेक्टिंग रॉड वाकवून बसतात. तसं करू नका. ग्लो प्लग काढा, आत पातळ तेलाचे चार-पाच थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. टाकी, नळी सगळं इंधन बाहेर काढलंय याची खात्री करून दुसऱ्या दिवशी इंजिनाचं डोकं हीट गन किंवा हेअर ड्रायरने गरम करा. मग फ्लायव्हील हाताने थोडं पुढे, थोडं मागे. नव्वद टक्के धीर, दहा टक्के जोर!

सुटल्यावर खरी परीक्षा. प्लग परत लावून हाताने फिरवा. वरच्या टोकाला घट्ट लागलं तर पिस्टन-स्लीव्ह जिवंत आहेत. सगळीकडे लोण्यासारखं फिरलं तर कॉम्प्रेशन गेलंय. मग पिस्टन-स्लीव्हचा सेट किंवा नवं इंजिन, दोन्हींचे भाव बघूनच पुढे जा.

बेअरिंग आणि हवेची गळती

मिथेनॉल हवेतली ओल शोषतं. त्यामुळे आतली बेअरिंग गंजतात. फिरवताना करकर आवाज आला तर बदलाच. नाहीतर एखादा गोळा सुटून पिस्टनलाच खातो.

दुसरी गोष्ट रबराची. टाकीच्या झाकणाची ओ-रिंग, कार्ब्युरेटरची ओ-रिंग आणि इंधनाची सिलिकॉन नळी कडक होते, तडकते. कुठूनही हवा आत शिरली की मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त. ऑइल इंधनातच असल्याने ऑइलही कमी पडतं आणि इंजिन भाजतं. ट्यूनिंग जमत नाही म्हणून लोक दिवसभर सुया फिरवत बसतात, आणि दोष निघतो स्वस्तातल्या एका नळीत.

क्लच बेलचं बेअरिंग, क्लच शूज आणि डिफरन्शियलमधलं ग्रीसही याच वेळी बघा. गिअर बसवताना मध्ये कागदाची पट्टी घालून दाबायचं, स्क्रू कसायचे, पट्टी काढायची. झाली जागा बरोबर.

अपग्रेड: पहिला खर्च रेडिओवर

आता ते दोन आकडे आठवा. ७० किलोमीटर आणि चार किलो. जुन्या टी-मॅक्समध्ये २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ असायचा, त्यात गडबड सहज व्हायची. सिग्नल गेला आणि थ्रॉटल उघडा राहिला तर ही गाडी खेळणं राहत नाही. मैदानात कोणाचं लहान मूल असेल तर?

म्हणून चकचकीत ॲल्युमिनियमच्या आधी फेलसेफ असलेला २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ घ्या. सिग्नल तुटला की सर्व्हो स्वतःहून ब्रेकवर जायला हवा. रिव्हर्स ठेवायचा असेल तर तीन चॅनेलचा सेट लागेल. तपासायचं कसं? इंजिन बंद, चाकं हवेत. थ्रॉटल दाबा आणि रिमोट बंद करा. ब्रेक लागला? मगच इंधन भरा.

पण रिसीव्हरचीच बॅटरी संपली तर फेलसेफही झोपतो. म्हणून कार्ब्युरेटरला परत बंद करणारी स्प्रिंग लावा आणि चार पेन्सिल सेलऐवजी पाच सेलचा सहा व्होल्टचा रिचार्जेबल पॅक वापरा.

त्यानंतर बाकीच्या गोष्टी. बुशिंगच्या जागी बेअरिंग, शॉकमध्ये नवं सिलिकॉन तेल. धातूचे आर्म मात्र जपून. प्लॅस्टिकचा आर्म वाकतो आणि धक्का पचवतो. धातूचा वाकत नाही, धक्का पुढे ढकलतो, आणि मग महागडा भाग तुटतो.

पहिल्या चार-पाच टाक्या

इंजिनात नवा पिस्टन-स्लीव्ह बसवला असेल तर सुरुवातीला मिश्रण रिच ठेवा, म्हणजे इंधन जास्त. सुई डावीकडे फिरवली की रिच, उजवीकडे लीन. एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढीच फिरवा. मागे निळसर-पांढरा धूर दिसायलाच हवा. तापमान साधारण १०० ते १३० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंद चुरचुरत उडाला तर ठीक, पडताक्षणी गायब झाला तर गाडी थांबवा आणि रिच करा.

दिवस संपला की टाकी रिकामी, इंजिनात आफ्टर-रन ऑइल, आणि पिस्टन खालच्या टोकाला ठेवून गाडी उचलून ठेवा. ही पाच मिनिटं चुकवली म्हणूनच माळ्यावरचं इंजिन जाम होतं.

इंधनाबद्दल गंमत नको

मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, जीवही. पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका. विमानाच्या सामानात हे इंधन चालत नाही, त्यामुळे मामाला "येताना घेऊन ये" म्हणू नका.

मग उत्तर काय?

कॉम्प्रेशन असेल आणि तुमच्या शहरात इंधन नियमित मिळत असेल, तर उघडा. कॉम्प्रेशन गेलंय पण गिअरबॉक्स आणि सांगाडा ठणठणीत, किंवा सोसायटीत आवाज-धूर चालत नाही, तर ब्रशलेस करा. याच घराण्यात ई-मॅक्स नावाची इलेक्ट्रिक गाडी होऊन गेली आहे, तेव्हा हा काही गाडीचा अपमान नाही. आणि सांगाडाच मोडला असेल तर सुट्या भागांत विका, पूर्ण गाडीपेक्षा बऱ्याचदा जास्त मिळतात.

पण निर्णय ग्लो प्लग काढून, फ्लायव्हील हाताने फिरवून मगच घ्या. फिरलं का ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!