पिंजऱ्यातील जन्म आणि रानातील गाणे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी, सकाळचा गाण्याचा वर्ग आटोपल्यावर, चार-पाच विद्यार्थ्यांना घेऊन मी कमाटीबागेत गेलो होतो. महाराज सयाजीरावांनी १८७९ साली वसविलेली ही बाग आम्हां बडोदेकरांना घरच्या अंगणासारखी आहे. चितळांच्या आवारापुढे त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक गर्दी होती. एका मादीच्या पायांशी नुकतेच जन्मलेले पाडस उभे होते. माणसे मुलांना खांद्यावर घेऊन ते दाखवीत होती, आणि आपल्याच घरी बारसे असावे तसा आनंद प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. आमच्यातील सर्वांत धाकटी विद्यार्थिनी बराच वेळ जाळीला नाक लावून उभी होती. परतताना तिने विचारले, “गुरुजी, हे मोठं झालं की त्याला रानात सोडतील का?”

मी म्हटले, “सोडतीलही एखादे वेळी.”

“पण मग रानात कसं राहायचं, ते त्याला कोण शिकवील?”

मला उत्तर सुचले नाही. शिकविणे हा ज्याचा पिढीजात व्यवसाय, त्यालाच हा प्रश्न निरुत्तर करून गेला, याचे थोडे वैषम्यही वाटले. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो. त्यातील एक हकीकत माझ्या व्यवसायाच्या इतकी जवळची निघाली की ती वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

प्राणिसंग्रहालयातील जन्म ही एके काळी केवळ कौतुकाची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला निराळे महत्त्व आले. अरबस्तानच्या वाळवंटातील ओरिक्स हे शुभ्र हरिण बंदुकीपुढे संपत चालले, तेव्हा १९६३ साली अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या प्राणिसंग्रहालयात त्याचा एक लहानसा कळप जमविण्यात आला. १९७२ साली रानातील शेवटचे ओरिक्स मारले गेले, आणि १९८२ साली या पिंजऱ्यातील वंशाची संतती ओमानच्या वाळवंटात पुन्हा मोकळी सोडण्यात आली. प्राणिसंग्रहालयात झालेले ते जन्म नसते, तर हे हरिण आज केवळ चित्रांत उरले असते. तेव्हा पिंजऱ्यातील जन्म व्यर्थ, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

परंतु जन्म म्हणजे सर्व काही नव्हे, हेही लवकरच दिसून आले. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या अरण्यात सोनेरी आयाळीचे एक चिमुकले माकड राहते. त्याला गोल्डन लायन टॅमरिन म्हणतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाच्या पुढाकाराने, पिंजऱ्यात जन्मलेली ही माकडे १९८४ सालापासून रानात सोडण्यास प्रारंभ झाला. त्यांना फळ शोधता येईना, आणि खाली-वर हेलकावणाऱ्या फांदीवर पाय कसा टाकावा हेही उमगेना. पिंजऱ्यातील दांडी कधी हललीच नव्हती! पहिल्या तुकड्यांतील पुष्कळ माकडे दगावली. जी तगली त्यांची पिले मात्र रानातच जन्मली, रानातच शिकली आणि सहज वावरू लागली. पुढे त्या रानात जी माकडे नांदली, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश या पिंजऱ्यातल्या पूर्वजांच्या वंशातली होती, असे या विषयातील अभ्यासक सांगतात.

आता ती मुख्य हकीकत. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात रीजंट हनीईटर नावाचा पक्षी आहे. ‘रीजंट’ हा शब्द आम्हां संस्थानी लोकांना परका नाही, आणि हा पक्षीही दिसतो तसाच राजबिंडा. काळ्या अंगावर सोनेरी पिवळ्या रंगाची अशी नक्षी, की जरीचा अंगरखाच घातला आहे असे वाटावे. निलगिरीच्या जातीच्या झाडांना फुले येतात, तिकडे मधासाठी तो फिरत राहतो. त्याला एक गाव नाही; जिथे बहर तिथे मुक्काम. एके काळी क्वीन्सलँडपासून अॅडलेडपर्यंत त्याचे मोठमोठे थवे होते. पुढे शेतीसाठी ती वने तोडली गेली. उरलेल्या तुटक राईंत नॉइझी मायनर नावाच्या दांडग्या पक्ष्यांनी ठाण मांडले आणि दुसऱ्या कोणाला मध घेऊ देईनासे केले. आज रानात हे रीजंट तीनशेंहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे.

या पक्ष्याचे गाणे जन्मजात नसते. ते शिकावे लागते. त्यातही गंमत अशी की पिलू ते बापाकडून शिकत नाही. घरट्यात संसार सुरू झाला की बाप गप्प होतो. गायला तर शत्रूला घरट्याचा सुगावा लागेल. पिलू उडू लागल्यावर थव्यातील इतर वडील नरांजवळ राहते, त्यांचे ऐकते, चुकते आणि हळूहळू गळ्यात बसविते.

हे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले. माझे वडील बडोद्याच्या दरबारातील गवयांच्या अगदी शेवटच्या फळीतले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. मला आठवतात ते वडील घरात फारसे गात नसत. मला जे काही आले ते त्यांच्या एका वृद्ध शागीर्दापाशी बसून, त्यांच्या मागे तंबोरा धरून. थव्यातला तो एक वडीलधारा मला भेटला, म्हणून मी गातो.

पण थवाच उरला नाही तर? नेमके हेच ऑस्ट्रेलियात घडले. तेथील राष्ट्रीय विद्यापीठाचे रॉस क्रेट्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ ते २०१९ या काळात रानोरानी हिंडून या नरांची गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा २७ नरांचे गाणे त्या त्या प्रदेशातील रूढ गाण्याहून वेगळे झाले होते. शेकडा १२ नरांना तर आपल्या जातीचे गाणे मुळी येतच नव्हते. ते फ्रायरबर्ड, करावाँग अशा परक्या पक्ष्यांची गाणी गात होते! विशीतल्या पोराच्या कानी घराण्यातला कोणीच पडला नाही, तर रस्त्यावर जे ऐकू येते तेच तो गुणगुणतो. त्यात त्याचा दोष काय? मात्र शिक्षा त्यालाच होते. असे बेसूर गाणाऱ्या नरांना जोडीदारीण मिळण्याचा आणि घरटे होण्याचा संभव कमी, असे या अभ्यासात आढळले. संख्या घटली म्हणून गाणे तुटले, आणि गाणे तुटले म्हणून संख्या आणखी घटू लागली.

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात १९९५ सालापासून या पक्ष्यांची पैदास होत आहे, आणि तेथे व अन्यत्र वाढविलेले पक्षी वेळोवेळी रानात सोडले गेले आहेत. तथापि पिंजऱ्यात जन्मलेल्या नरांचे गाणे तपासले तेव्हा ते रानातल्या गाण्याहून निराळेच निघाले. अंडी उबली, पिले धडधाकट झाली, रंग जसाचा तसा उतरला. पण गळ्यात परंपरा नव्हती. अशा नरांना रानात सोडणे म्हणजे अंगरखा घालून, चीज न शिकविता, दरबारात उभे करणे होय.

मग त्या मंडळींनी चक्क गायनशाळा काढली. आरंभी रानातील गाण्यांची ध्वनिमुद्रिते पिलांना ऐकविण्यात आली. त्याने काम भागेना. (ध्वनिमुद्रिका ऐकून गवई होऊ पाहणारे आमच्याकडेही थोडे नाहीत.) पुढे रानात जन्मलेले, अस्सल गाणे येणारे नर गुरू म्हणून पिलांजवळ ठेवण्यात आले. तरीही एका गुरूपाशी पिले फार झाली की ती गुरूचे ऐकण्यापेक्षा एकमेकांचेच ऐकत, म्हणून वर्ग लहान करण्यात आला. तेव्हा कोठे गाणे उतरू लागले. प्रारंभी एकालाही न येणारे ते गाणे तीन वर्षांत दहांपैकी चार नर-पिलांच्या गळ्यात बसले, आणि शिकलेले नर पुढच्या पिलांचे गुरू झाले.

या कथेचा शेवट मनाला चटका लावणारा आहे. हे शिक्षण चालू असतानाच, ब्लू माउंटन्सच्या रानातून त्या गाण्याचे पूर्ण रूप नाहीसे झाले. तिथे आता त्याचे तोकडे रूप तेवढे ऐकू येते. म्हणजे अस्थाई रानात राहिली आणि अंतरा पिंजऱ्यात! रानाचे गाणे रानाला परत देण्याची जबाबदारी आता पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यांवर येऊन पडली आहे.

मात्र गाणे आले म्हणून सर्व साधले असे समजू नये. गवई तयार झाला तरी त्याला सभा हवी, आणि या पक्ष्याची सभा म्हणजे फुललेले वन. निलगिरीची राने पुन्हा वाढविली नाहीत, दांडग्या मायनरांचा बंदोबस्त केला नाही, तर शुद्ध गाणारा नरही उपाशीच मरेल. ज्या ओरिक्सचे मी प्रारंभी कौतुक केले, त्याचीही पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. ओमानमध्ये तो छान वाढला, आणि मग १९९६ पासून चोरट्या शिकारींनी व धरपकडीने त्याची पुन्हा दाणादाण केली. त्याच्या अभयारण्याचे क्षेत्र आक्रसले, आणि २००७ साली ते जागतिक वारशाच्या यादीतून वगळण्यात आले. आपल्याकडे गिधाडांचे हेच झाले. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांची पैदास मोठ्या कष्टाने केली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. परंतु गिधाडे मरत होती ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली नसती, तर पिंजोरचे प्रत्येक पिलू म्हणजे विषाच्या पंगतीला धाडलेला पाहुणा ठरले असते. आणि ती बंदी गावोगावी पाळली जाते की नाही, याकडे आजही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

म्हणून मला वाटते, वर्तमानपत्रात प्राणिसंग्रहालयातील नव्या पिलाचे छायाचित्र येईल तेव्हा आपण आनंद अवश्य मानावा, पण त्यासोबत दोन प्रश्नही विचारावेत. याच्या भाईबंदांचे रान कोणते, आणि ते राखण्यासाठी हे प्राणिसंग्रहालय काय करीत आहे? आणि पुढेमागे हा वंश परत जायचा असेल, तर त्याला रानाची विद्या कोण देणार? ज्या संस्थेपाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत, तिच्या दारात तिकिटाचे पैसे देताना हात आखडता घेऊ नये. जिच्यापाशी नाहीत, तिला ती विचारीत राहावे. कमाटीबागेलाही हे लागू आहे. ती आपली आहे म्हणूनच.

पुढच्या रविवारी वर्गात मी त्या मुलीला ही सारी हकीकत सांगितली. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे तिथंसुद्धा गुरुजी लागतातच!” सगळे हसले.

वडिलांच्या वहीत काही चिजा आहेत. शब्द आहेत, स्वरलेखनही आहे. पण त्यांचे चालणे कसे होते हे सांगू शकणारे ते वृद्ध शागीर्द आता नाहीत. दोन चिजा मात्र त्यांनी मला समोर बसवून दिल्या होत्या. त्या मी आजवर, योग्य शिष्य मिळेल तेव्हा देऊ, अशा विचाराने राखून ठेवल्या होत्या. त्या रविवारी सहा मुलांना पुढे बसविले, तंबोरा जुळविला आणि पहिलीची अस्थाई सांगावयास सुरुवात केली.