विटा जोडताना गाव उमगते : खेळण्यातील ठोकळ्यांची नगरे आणि आगगाड्या

शाळेच्या स्मरणिकेत खेळण्यांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या घरांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना वसतिगृहात धाडले, त्यांच्या लेखी खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ असतो. परंतु खेळणे ही मानवी संस्कृतीतील फार जुनी वस्तू आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात, श्रमणांनी ज्यांत वेळ दवडू नये अशा करमणुकींची एक मोठी यादी येते. तिच्यात खेळण्यातील नांगर, पानांची मापे, भिरभिरे, धनुष्य आणि लहानसा रथ यांचा उल्लेख आहे. तो नियम प्रव्रजितांसाठी होता, बालकांसाठी नव्हे. आपल्याला त्यातून एवढे कळते की, तथागतांच्या काळातील मुलेही मोठ्यांच्या जगातली अवजारे आणि वाहने लहान करून हाताळत होती. आजची मुले प्लास्टिकच्या विटांनी नगर उभारतात आणि त्यातून आगगाडी फिरवतात, तेही त्याच परंपरेतले आहे. या छंदाचे शास्त्र काय, त्याला खर्च किती आणि आपल्या मुलांना त्यातून काय मिळू शकते, हे येथे पाहू.

विटेचे शास्त्र

ज्या विटेला जगभर 'लेगो' म्हणून ओळखतात तिचा जन्म डेन्मार्कमधील बिलुंड या लहान गावी झाला. ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लास्टिक ओतण्याचे यंत्र घेतले आणि १९४९ मध्ये एकमेकांवर बसणारे ठोकळे बाजारात आणले. त्यांची प्रेरणा एका ब्रिटिश खेळण्यातून आली होती. हे पहिले ठोकळे आतून पोकळ होते. एकावर एक बसत खरे, पण लगेच निसटत. २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवलेल्या पेटंटाने ही अडचण दूर केली. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवल्या गेल्या. खालच्या विटेचे गोल उंचवटे वरच्या विटेची भिंत आणि तिच्या नळ्या यांच्यामध्ये घट्ट अडकतात, आणि तरीही लहान मुलाच्या बोटांनी सुटतात. घट्ट धरणे आणि सहज सोडणे या दोन परस्परविरोधी गुणांचा मेळ हेच या विटेचे यश आहे.

हा मेळ साधण्यासाठी मापे अत्यंत काटेकोर असावी लागतात. दोन उंचवट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ पट्टीची उंची तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. १९५८ नंतरची वीट आजच्या विटेवर बसते, याचे कारण ही मापे बदललेली नाहीत. १९६३ पासून या विटा एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकच्या होऊ लागल्या. प्लास्टिकचे दाणे दोनशे अंशांहून अधिक तापमानाला वितळवून बंद साच्यात दाबाने भरतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप किंवा चटईच्या कारखान्यात राबलेल्या आपल्या पालकांना वितळलेले दाणे ओळखीचे आहेत. फरक इतकाच की, पाइप तोंडातून अखंड बाहेर येतो, तर वीट साच्यात एकेक घडते.

आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तशाच सहा विटा घेतल्या तर जोडण्यांची संख्या ९१,५१,०३,७६५ इतकी होते. गणिताच्या शिक्षकाला क्रमचय-संचय शिकवण्यासाठी याहून सुलभ साधन सापडणार नाही.

नगर आणि आगगाडी

१९५५ मध्ये या कंपनीने विटांची एक सुसंगत प्रणाली मांडली आणि तिच्या केंद्रस्थानी 'नगर' ठेवले : रस्ते, घरे, दुकाने, वाहने. १९६६ मध्ये ४.५ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी आगगाडी आली, १९७८ मध्ये हातपाय हलवणारी चार सेंटिमीटर उंचीची माणसे आली आणि १९९१ मध्ये रुळांतूनच ९ व्होल्टची वीज वाहू लागली. नगराला आगगाडी मिळाली, आगगाडीला प्रवासी मिळाले. तेव्हापासून नगर आणि रेल्वे हे या छंदाचे जोडनाव झाले.

खान्देशच्या मुलाला आगगाडीची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. भुसावळ जंक्शनवरून मुंबई, इटारसी आणि नागपूर अशा तीन दिशांना मार्ग फुटतात. जळगावहून तापी खोऱ्यातून सुरतेकडे लोहमार्ग जातो. चाळीसगावहून धुळ्याकडे शाखा निघते. पाचोरा ते जामनेर ही अरुंद रुळांची गाडी सुमारे शंभर वर्षे धावून २०२० मध्ये थांबली. आपल्या कित्येक घरांत आजोबा गँगमन, फिटर किंवा खलाशी होते. तेव्हा विटांची गाडी करताना ती आपलीच का करू नये?

येथे प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो आणि तोच या छंदातील खरा अभ्यास आहे. विटांच्या आगगाडीच्या दोन रुळांमधील अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर असते. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. भागाकार केला की १:४५ हे प्रमाण मिळते. आता जुन्या निळ्या डब्याचा विचार करू. त्याची रुंदी सुमारे ३.२५ मीटर आणि लांबी सुमारे २१.३ मीटर. त्याला ४५ ने भागले तर रुंदी ७२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ९ उंचवटे, आणि लांबी ४७ सेंटिमीटरहून थोडी अधिक, म्हणजे ५९ उंचवटे येते. तयार संचातील डबा मात्र साधारण ६ उंचवटे रुंद असतो, कारण तो युरोपातील अरुंद गाड्या आणि लहान दिवाणखाना डोळ्यांपुढे ठेवून आखलेला आहे. म्हणून आपली गाडी करणाऱ्याला खोक्यावरचे चित्र बाजूला ठेवून स्वतः मोजमाप करावे लागते. बहुतेक जण ८ उंचवट्यांवर तडजोड करतात.

पाचोरा-जामनेर गाडीच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते. १:४५ प्रमाणात ते १७ मिलिमीटर भरते. योगायोग असा की, बाजारात सर्वाधिक मिळणाऱ्या छोट्या विद्युत आगगाड्यांचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. म्हणजे विटांच्या ब्रॉडगेजशेजारी ते रूळ टाकले की पाचोरा जंक्शनवरील मोठ्या आणि धाकट्या गाडीतील फरक जवळजवळ अचूक दिसतो. चोवीस डब्यांची संपूर्ण गाडी करायची म्हटली तर मात्र नुसत्या डब्यांचीच लांबी अकरा मीटरांवर जाते आणि वर्ग पुरत नाही. काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय घ्यावा लागतो. नकाशा काढणाऱ्यालाही हाच निर्णय घ्यावा लागतो.

खर्च आणि पर्याय

हे संच महाग आहेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मोटार आणि रुळांसह आगगाडीच्या संचाला हजारो रुपये पडतात. परंतु छंदाचा गाभा खोक्यात नाही. आपल्याकडे 'मेकॅनिक्स'च्या भोकांच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांनी कित्येकांना पहिला पूल बांधायला शिकवले. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून सांगाडे जोडण्याची पद्धत रूढ केली. पुढे पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी घडवली. दिवाळीत मातीचा किल्ला करणारे मूल, रिकाम्या आगपेट्या दोऱ्यात ओवून गाडी ओढणारे मूल आणि विटांचे स्थानक उभारणारे मूल, ही तिन्ही एकाच शाळेची विद्यार्थी आहेत.

मोठ्या प्रमाणावरील काम पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय सहलीसाठी योग्य आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील नगर विटांचे नाही. परंतु सिग्नल, सांधे, पूल आणि गाड्या एका नियंत्रणाखाली कशा चालतात, हे तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

संग्रह करणाऱ्यांसाठी तीन व्यावहारिक सूचना. विटा रंगानुसार नव्हे, आकारानुसार वेगळ्या कराव्यात. काळ्या ढिगातून काळा बारीक तुकडा शोधणे कठीण, पण एकाच आकाराच्या ढिगात हवा तो रंग लगेच दिसतो. दुसरे, धुण्यासाठी कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. पाणी ४० अंशांहून गरम नसावे. तिसरे, खान्देशच्या उन्हात उघड्या खिडकीत विटा ठेवू नयेत. सूर्यप्रकाशाने पांढऱ्या आणि फिकट विटा पिवळ्या पडतात.

कोणाचे नगर?

आता मुख्य मुद्दा. खोक्यातील नगरात पोलीस ठाणे असते, अग्निशामक दल असते, बेकरी असते, सुबक घरे असतात. त्या नगराला कडा नसते आणि कडेला राहणारी माणसेही नसतात. आपले गाव असे नव्हते.

१९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामानिमित्त खान्देशात आले होते. मुंबईला परतताना चाळीसगाव स्थानकावर तेथील अस्पृश्य बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्थानकापासून महारवाड्यापर्यंतचे अंतर पायी जाण्याइतके होते. पण पाहुण्याला चालवत नेणे लोकांना प्रशस्त वाटेना. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला राजी होता, अस्पृश्याचा टांगा हाकायला नव्हे. शेवटी वस्तीतीलच एकाने, सवय नसताना, लगाम हाती घेतला. नदीवरील पुलाशी चाक दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासह पुलावरून खाली पडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

ही घटना आपण सर्वांनी वाचली आहे. पण स्थानक, रस्ता, नदी, पूल आणि वस्ती विटांनी मांडून पाहिली तर तिचा अर्थ वेगळ्या रीतीने कळतो. यासाठी १:५०० हे प्रमाण सोयीचे आहे. त्यात एक उंचवटा म्हणजे ४ मीटर, दोन पातळ पट्ट्या म्हणजे एकमजली घर, आणि एक किलोमीटर म्हणजे २ मीटर. संपूर्ण गाव दोन मेजांवर मावते. मांडणी करताना मूल आपोआप विचारू लागते : वस्ती इथेच का? पाणवठा कोणाच्या बाजूला? शाळा किती दूर? रस्ता कोठे संपतो? स्थानकातील गाडीत सगळे एकाच डब्यात बसू शकत होते, मग स्थानकाबाहेरच्या टांग्यात का नाही? पाठ्यपुस्तकातील जातिव्यवस्था हा परिच्छेद असतो. मेजावरची जातिव्यवस्था हे मोजता येणारे अंतर असते. मुलाने आपल्या आजी-आजोबांना विचारून आपल्याच गावाची अशी मांडणी केली, तर ती घरातील स्मृतीची नोंद ठरेल. आणि त्यानंतर त्याला दुसरे काम द्यावे : हेच गाव आता जसे असायला हवे तसे बांध.

जोडणे आणि सोडणे

मिलिंदपञ्हात भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की रथ म्हणजे नेमके काय : आस, चाके, की सांगाडा? यांपैकी एकही रथ नव्हे आणि यांच्याखेरीज वेगळा रथही नाही. भाग एकत्र आले म्हणून 'रथ' हे नाव. विटांचे इंजिन सुटे करून ढीग मुलापुढे ठेवा आणि 'आता इंजिन कोठे आहे?' असे विचारा. प्रतीत्यसमुत्पादाचा पहिला धडा तेथेच मिळतो. संयुत्तनिकायातील राध संयुत्तातही धुळीची घरे करून खेळणाऱ्या मुलांचा दृष्टान्त आहे. जोवर आसक्ती आहे तोवर मुले ती घरे जपतात, ती सरली की हातापायांनी विखरून टाकतात. संग्राहकांसाठी हा दृष्टान्त मोलाचा आहे. न उघडलेली खोकी भाव वाढण्याची वाट पाहत कपाटात ठेवणारेही या छंदात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे विटा असतात, नगर नसते.

ज्या माजी विद्यार्थ्यांची मुले आता मोठी झाली आहेत, त्यांच्या घरी अशा विटांचा एखादा डबा पडून असेल. खोके नसले, सूचनापत्र हरवले असले, दोन संच मिसळून गेले असले तरी बिघडत नाही. मिसळलेल्या विटाच अधिक उपयोगी, कारण त्यांतून दुसऱ्याचे नगर पुन्हा उभारता येत नाही, स्वतःचेच योजावे लागते. असा डबा ज्या कोणत्या वसतिगृहाला शक्य असेल त्याला द्यावा. सोबत एक मोजपट्टी, चौकटीची वही आणि जवळच्या स्थानकाचे छायाचित्र ठेवावे. पालकांनी रविवारी भेटीला आल्यावर 'किती गुण पडले?' याबरोबर 'काय बांधलेस, आणि ते तिथेच का बांधलेस?' हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येणारे मूल पुढे अभियंता होवो, फिटर होवो वा ग्रामसेवक, ते गाव आखताना कोणालाही कडेला ठेवणार नाही, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.